मोहरील वकिलांची ओरिजनल डुप्लिकेट

माझ्या धंद्याची सगळी तेजी-मंदी माणसाच्या गुडघ्यांवर चालते. सोन्याचा भाव कशानं चढतो-उतरतो हे सांगणारे शहाणे टीव्हीवर रोज बसलेले असतात. पण जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांच्या नकलांचा भाव कशानं पडतो हे अख्ख्या नागपुरात एकट्या मला कळतं, आणि मला टीव्हीवर कोणी बोलावत नाही. म्हणून इथे सांगतो.

ही गाडी जमिनीपासून वीतभर उंच. दोन सीटा, लांबलचक नाक, वर टप नाही. तिच्यात बसायचं म्हणजे बसायचं नसतं, पडायचं असतं. पन्नाशीतला माणूस हसत पडतो. पासष्टीतला 'अरे देवा' म्हणत पडतो. पंच्याहत्तरीतला पडला की पडला. त्याला काढायला घरचे गोळा होतात. त्याच दिवशी दुपारी माझा फोन वाजतो, "काळबांडे, गाडी काढावी म्हणतो."

गेली चार-पाच वर्षं हा फोन रोज वाजून राहिला आहे. मी ज्यांना ज्यांना गाड्या विकल्या ते सगळे लेकाचे ठरवून एकाच वेळी म्हातारे झाले! एकानं तरी माझ्या सोयीनं म्हातारं व्हावं? नाही. विकणारे शंभर आणि घेणारा कोणी नाही. मिहानमधल्या आयटी कंपन्यांतली कमावती पोरं येतात, गाडीला टेकून फोटो काढतात आणि विचारतात, "अंकल, एसीचं बटन कुठे आहे?"

"नाही."

"मग मे महिन्यात काय करायचं?"

"मे महिन्यात फक्त बघायचं."

पोरं निघून जातात. मी म्हाताऱ्यांना फोन करून सांगतो, "पार्टी विचार करून राहिली आहे." त्या पार्टीचा विचार अजून चालूच आहे.

आणि म्हातारे तरी कसे! सिव्हिल लाइन्समधल्या एका निवृत्त इंजिनिअरनं फोन केला, "काळबांडे, लगेच या, गाडी विकायची आहे."

"संध्याकाळी येतो साहेब."

"संध्याकाळी नको. मी आतच आहे."

चौघांनी मिळून त्यांना विहिरीतून बादली ओढावी तसं वर ओढलं. डाव्या पायातली चप्पल आतच राहिली. ती गाडीबरोबर विकली गेली आणि नव्या मालकानं ती 'जुन्या काळची ॲक्सेसरी' म्हणून काचेच्या कपाटात ठेवली. मी त्यात बोललो नाही. दुसऱ्या एका घरी साहेब वारले आणि बाईंनी मला बोलावलं. गाडीच्या बॉनेटवर कुरडया वाळत घातलेल्या. बाई म्हणाल्या, "गाडी न्या भाऊ, पण हे झाकण तेवढं ठेवून जा. याच्यावर कुरडया दोन तासांत कडक होतात." तासभर समजावलं. बिनझाकणाची गाडी कोणी घेत नाही, हे त्यांना काही पटलं नाही. गाडी तिथेच आहे. कुरडया उत्तम असतात.

आता नकलांबद्दल. खरी विलायती गाडी आपल्याकडे राजे-महाराजांनीच पाहिली. बाकीच्यांसाठी आम्ही होतो. एक जुनी जीप घ्यायची, तिची बॉडी फेकायची, खालचा सांगाडा आणि इंजिन ठेवायचं, आणि त्यावर फायबरची नवी बॉडी चढवायची. दिवे ट्रकच्या दुकानातून, स्टेअरिंग सागवानी, सीटवर लाल रेक्झिन. दहा फुटांवरून पाहिलं तर साक्षात विलायत. पाच फुटांवरून थोडी गडबड. म्हणून मी गिऱ्हाइकाला दहा फुटांवरच चहा पाजत असे.

या गाड्या बनवायचे गजभिये मिस्त्री. खाप्याला, कन्हान नदीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं टिनाचं शेड. माझ्या तोंडचं स्तुतिवाक्य ऐकून लोक चार आणेच खरं धरतात, पण इथे सोळा आणे धरा. तसा हात मी पाहिला नाही. एका जुन्या मासिकातलं, भजी बांधून आलेलं, तेलकट चित्र त्यांच्यापुढे ठेवलं होतं. त्यावरून त्यांनी मडगार्डचा बाक असा काढला की मला वाटलं, आता हे हलेल.

मिस्त्रींची एक पद्धत होती. गाडी पूर्ण झाली की ड्रायव्हरच्या सीटखाली, तळावरच्या ओल्या पुट्टीत ते आपला उजवा अंगठा दाबत. वर पारदर्शक लॅकर मारत आणि सीट बसवत. कोणाला दिसू नये अशा जागी, पण कायमचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, "मिस्त्री, उद्या कोणी सीट काढली तर? आपली नक्कल पकडली जाईल ना!"

"त्याच्यासाठीच तं ठेवतो गा," मिस्त्री म्हणाले. "माहा बाप मँगनीजच्या खाणीत होता. मुकादम सांगे तिथं अंगठा लावे. कायच्यावर लावला, त्याले आखरीपर्यंत समजलं नाही. मले समजते मी कायच्यावर लावून राहिलो ते. हे गाडी माही आहे. विलायतची नाही."

अशा माणसाबरोबर धंदा करायचा म्हणजे विचार करा! मी जिभेनं जे उभं करायचो ते हा अंगठ्यानं पाडून ठेवायचा.

गाडी विकायची जबाबदारी माझी होती आणि माझं एक तत्त्व होतं: खोटं बोलायचं नाही. गिऱ्हाईक विचारी, "ओरिजनल आहे ना?" मी सांगे, "ओरिजनल डुप्लिकेट आहे साहेब." नागपुरात स्पेअरपार्टच्या दुकानात हा शब्द रोज चालतो. डुप्लिकेटमध्येही चांगली-वाईट प्रत असते. उत्तम नक्कल ती ओरिजनल डुप्लिकेट. शब्द दोन, दोन्ही खरे. मी फक्त मधे जरासा श्वास घेत असे. त्या श्वासावर माझं घर उभं राहिलं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी धरमपेठेतले मोहरील वकील गाडी बघायला खाप्याला आले. जमिनीच्या खटल्यांतला फार मोठा माणूस. सातबारा नुसता हुंगून वारस सांगणारा. लाल गाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला.

"ओरिजनल आहे का, काळबांडे?"

"ओरिजनल..." मी म्हटलं, आणि श्वास घेतला. तेवढ्यात तिकडे मिस्त्रींनी इंजिन चालू केलं. 'डुप्लिकेट' मी बोललो. देवाशपथ बोललो. पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही, आणि वकीलसाहेबांच्या हातात तोवर किल्ली होती.

दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

पुढे पंचवीस वर्षं मी त्याची शिक्षा भोगली. दर रविवारी सकाळी वकीलसाहेब फुटाळा तलावाला चक्कर मारत, तर्री-पोह्याच्या ठेल्याशी गाडी लावत आणि जमलेल्यांना इतिहास सांगत. पहिल्या वर्षी ही गाडी एका संस्थानिकाची होती. पाचव्या वर्षी त्या संस्थानिकाला ती लंडनमध्ये भेट मिळाली होती. दहाव्या वर्षी तिच्यात एक राजकन्या पळून गेली. थापा मारायला मी नागपुरात कोणाला घाबरत नाही, पण मीसुद्धा तिथे मान खाली घालून पोहे खायचो. कारण ते थापा मारत नव्हते. त्यांचा विश्वास होता! खोटारड्यापुढे मी टिकतो हो, विश्वासणाऱ्यापुढे काय करणार?

आणि यंदा उन्हाळ्यात फोन आला. "काळबांडे, गुडघे म्हणून राहिले, बस झालं."

वकीलसाहेब आता एक्क्याऐंशीचे. गिऱ्हाईक त्यांनी स्वतःच शोधलं होतं: बुटीबोरीचे कारखानदार चांडकशेठ. व्यवहार रविवारी सकाळी, मी फक्त साक्षीदार म्हणून यायचं. मला वाटलं, चला, सुटलो. गुरुवारी भेटायला गेलो तर त्यांनी माझ्या हातात अकरा पानं दिली.

"वाच. स्वतः लिहिलं आहे."

पहिल्याच पानावर होतं: 'मी, खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की सदर मोटार ही मूळ विलायती बनावटीची, अस्सल असून...'

मी पानं खाली ठेवली. "साहेब, शपथेवर कशाला? पावती पुरते ना."

"पावती तुझ्यासारख्यांना पुरते," ते म्हणाले. "पन्नास वर्षं वकिली केली. खोट्या प्रतिज्ञापत्रावर ना सही केली, ना कोणाला करू दिली. सख्ख्या मेहुण्याला ऑफिसातून घालवून दिलं होतं, ही अजून त्याच्यासाठी रडते. चांडकला म्हटलं, माझी सही हीच गाडीची गॅरंटी."

आतून काकू म्हणाल्या, "रडत नाही मी. त्याचंही चुकलंच होतं."

बघा आता. आयुष्यात एकही खोटी सही न केलेला माणूस, एक्क्याऐंशीव्या वर्षी, रविवारी सकाळी, पहिली खोटी सही करणार. आणि कशापायी? माझ्या दोन शब्दांमधल्या एका श्वासापायी. मी लबाड आहे, कबूल. पण इतका नाही.

मी खुर्चीच्या कडेवर आलो आणि म्हटलं, "साहेब, गाडी डुप्लिकेट आहे."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला. आणि खो-खो हसले. "भाव पाडून राहिला का रे तू? चांडकनं पाठवलं तुला?"

"नाही साहेब, खरंच सांगतो."

"तू?" ते म्हणाले. "खरं?"

माझ्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा असा पंचनामा कोणी केला नव्हता. एकदा, अख्ख्या आयुष्यात एकदा खरं बोलायला तोंड उघडलं, तर ऐकणारा पोट धरून हसतो!

मी गाडीचं नोंदणीपुस्तक मागवलं. "हे वाचा. काय लिहिलं आहे? जीप, उघडी बॉडी."

"कारकुनाची चूक. त्या बिचाऱ्यानं अशी गाडी कधी पाहिली असेल?"

"चुंबक लावा. चिकटत नाही. पत्रा नाहीच तो, फायबर आहे."

"अॅल्युमिनियम," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "विलायतेत तेव्हा अॅल्युमिनियमच्या बॉड्या होत्या. चुंबक न चिकटणं हा माझ्या बाजूचा पुरावा आहे."

"मग जरासं खरवडून बघू?"

"कोर्टाच्या हुकमाशिवाय ओरखडा नाही."

"निदान खाली वाकून तरी बघा! जीपचा सांगाडा दिसतो."

"वाकता आलं असतं तर गाडी विकली असती का?"

हरलो. फाटकापर्यंत काकू सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "काळबांडेभाऊ, आज तुम्ही पहिल्यांदा खरं बोलले, हे मला दिसलं. पण यांना पुरावा लागतो. तोंडचं यांनी माझंही कधी धरलं नाही."

पुरावा एकच होता, आणि तो सीटखाली होता.

दुसऱ्या दिवशी खाप्याला गेलो. मिस्त्रींचं शेड आता निम्मं रिकामं. हात थरथरतात, म्हणून बारीक काम बंद केलेलं. सगळं ऐकून म्हणाले, "मी नाही येत. खूण भांडणासाठी नाही ठेवली मी."

"मिस्त्री, म्हातारा खोट्यावर सही करून राहिला आहे."

"तं तुम्ही पंचवीस वर्सं काहून थांबले गा?"

मी शेडातल्या कॉम्प्रेसरकडे बघत राहिलो. तोही माझ्याकडे बघत होता.

मग मिस्त्रींनी विचारलं, "साहेबाले खरंच विलायती वाटली? इतके वर्सं?"

"राजकन्या पळाली म्हणतात तिच्यात."

मिस्त्रींच्या मिशीत काहीतरी हललं. "येतो," ते म्हणाले.

रविवारी दहा वाजता मोहरील वकिलांच्या पोर्चमध्ये लाल गाडी, तिच्याभोवती खुर्च्या. चांडकशेठ पांढऱ्या कपड्यांत, खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन. मी मिस्त्रींची ओळख करून दिली आणि चांडकशेठसमोरच म्हटलं, "यांनी ही गाडी बनवली."

वकीलसाहेबांच्या कपाळावर आठी आली. पण समोर साक्षीदार उभा आहे म्हटल्यावर त्यांच्यातला वकील जागा झाला. त्यांनी मिस्त्रींना समोरच्या खुर्चीत बसवलं.

"तुम्ही बनवली म्हणता. कशावरून?"

"सीटीखाली माहा अंगठा आहे साहेब."

"कोणता?"

"उजवा."

"सीट गेल्या पंचवीस वर्षांत काढली गेली?"

"ते तुमालेच मालूम. गाडी तुमच्याजवळ होती."

चांडकशेठ हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. सीट काढा, अशी त्यांनी मान हलवली. मिस्त्रींनी पाना काढला, थरथरत्या हातांनी चार बोल्ट सोडले. मी मदत करायला गेलो तर म्हणाले, "हात नका लावू तुम्ही." सीट निघाली. खाली धूळ, औषधाच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं, काकूंची कधीकाळी हरवलेली एक केसपिन, आणि कोपऱ्यात लॅकरखाली, काल उमटल्यासारखा, अंगठा.

वकीलसाहेब म्हणाले, "अगं, माझं भिंग आण. आणि शाईचा पॅड."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी किती मूर्ख आहे. जमिनीच्या खटल्यांत या माणसानं आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? खरेदीखतावरचे अंगठे तपासले होते! मयताचा कोणता, तोतयाचा कोणता, सासूचा कोणता, हे डोळ्यांनी सांगणारा माणूस. त्याच्याच सीटखाली पंचवीस वर्षं अंगठा होता आणि तो दर रविवारी त्यावर बसत होता.

त्यांनी मिस्त्रींचा अंगठा पॅडवर टेकवून कागदावर घेतला. मग गाडीच्या दाराला धरून, एकीकडून मी आणि दुसरीकडून चांडकशेठ, असे आम्ही त्यांना खाली बसवलं. गुडघे असे वाजले की मी डोळे मिटले. भिंग इकडे, भिंग तिकडे. अंगठ्यावरून एक तिरपी रेघ गेली होती, जुन्या कापल्याची. पुट्टीत होती. कागदावरही होती.

"हा घाव कशाचा?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कटर लागलं होतं. ह्याच गाडीचं मडगार्ड कापून राहिलो होतो."

वकीलसाहेब तसेच जमिनीवर बसून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मी सांगितलं तर वाढवूनच सांगेन. मग म्हणाले, "म्हणजे पंचवीस वर्षं मी फुटाळ्यावर खोटी साक्ष दिली."

"पोह्यांच्या ठेल्यावर साक्ष कसली हो," काकू म्हणाल्या. "तिथे कोणी शपथ घेतली होती?"

"आणि राजकन्या?"

"राजकन्येचं मला कधीच पटलं नव्हतं. एवढ्याशा गाडीत तिचं सामान कुठे मावणार?"

चांडकशेठनी बॉनेटला लावून पाहिलेलं चुंबक खिशात परत ठेवलं होतं. ते घसा खाकरून म्हणाले, "वकीलसाब, मैं तो ऐसा समझा था की आपकोबी मालूम है. मला तर लाल रंग पाहिजे होता. आन् चालू पाहिजे होती."

हे ऐकून मला वाटलं, मी तिथेच ओरडावं. तीन दिवस माझी झोप उडाली, खाप्याच्या चकरा झाल्या, आणि गिऱ्हाइकाला लाल रंग पाहिजे होता!

वकीलसाहेबांना आम्ही वर घेतलं. ते टेबलाशी बसले, अकरा पानं पुढे ओढली आणि पहिल्या पानावरचं 'मूळ विलायती बनावटीची' पट्टी लावून खोडलं. 'अस्सल' खोडलं नाही. त्यावर पेन धरून थांबले आणि मिस्त्रींना विचारलं, "पूर्ण नाव?"

"नामदेव कवडू गजभिये."

"राहणार?"

"खापा, तालुका सावनेर."

त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं, "'सदर मोटार नामदेव कवडू गजभिये यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली, अस्सल असून, त्याची खूण ड्रायव्हरच्या सीटखाली आहे व ती मी स्वतः तपासली आहे.'" मग खाली आपली सही केली, तीच ती लांब शेपटाची, जिच्यासाठी मेहुण्याला घालवून दिलं होतं. आणि शाईचा पॅड मिस्त्रींकडे सरकवला. "इथे अंगठा द्या."

मिस्त्रींनी तो बोटानं बाजूला केला.

"अंगठा गाडीवर, साहेब. कागदावर मी सही करतो. बापानं त्याच्यासाठीच शाळेत घातलं होतं."

हात थरथरत होता. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत, वेलांटीसकट. पूर्ण नाव लिहायला इतका वेळ लागला की चहा गार झाला. कोणी घाई केली नाही. चांडकशेठसुद्धा घड्याळाकडे बघेनात.

मग साक्षीदार म्हणून माझी पाळी. मी खिशातून पेन काढलं.

"थांब," वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे फिरवला: 'दलाल काळबांडे यांनी मूळ विक्रीच्या वेळी दोन शब्द उच्चारले. पक्षकाराला एकच ऐकू आला. दुसरा त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.'

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे साहेब."

मी पेन टेकवलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पॅड पुढे केला.

"सही नको. तुझ्या सहीचा काय भरवसा? तू अंगठा दे."

दिला. मिस्त्री मिशीत हसत होते, काकू उघड हसत होत्या.

पॅडची शाई फार वाईट असते, चार दिवस जात नाही. त्या चार दिवसांत दोन गिऱ्हाइकांना गाड्या दाखवल्या. दोघांनीही तोच प्रश्न विचारला: ओरिजनल आहे का? मी काळा अंगठा खिशात घातला, 'डुप्लिकेट' म्हटलं, आणि मग श्वास घेतला.